बाराच्या भावात

डुलुथ, मिनेसोटा. डिसेंबरचा दुसरा आठवडा.
कॅनॉलच्या कडेला पत्र्याची केबिन,
तीत सरोवराची पातळी मोजणारं एक यंत्र
आणि यंत्रासमोर उलट्या बादलीवर बसलेली मी.
मांडीवर लॅपटॉप.
हीटर आहे. चालत नाही.

दुपारी नवा कर्नल चढवला
आणि यंत्राची वाचा गेली.
म्हणजे सुरुवातीला बोलतं, अगदी स्वच्छ:
मेमरी इतकी, डिस्क तितकी,
कर्नल सुरू करत आहे,
आणि तिथून पुढे
øøàà~øà??~~ø
जसं कुणी गालात सुपारी धरून पाढे म्हणावेत.

केबल बदलली. बदललेली केबल बदलली.
अर्थिंग तपासलं.
पिनांवर फुंकर मारली,
काही सुचेनासं झालं की आपण सगळेच मारतो तशी.
बाहेर उणे एकोणीस. इथल्या मापात उणे दोन,
ऐकायला तेवढंच बरं.
बारा वाजले,
दोन्ही अर्थांनी.

कॅबिनेटच्या दाराला आतून
आर्विड लेहटोनेनचं पेन्सिलीतलं अक्षर:
शंका आली तर ९६००.
आर्विड रिटायर होऊन चार वर्षं झाली.
बारा बंदरांचं पाणी प्यालेला माणूस,
एका प्रश्नाचं उत्तर द्यायला
अख्खा मग कॉफी घ्यायचा.
मीटिंगमध्ये त्याचं वाक्य
आम्हीच पुरं करून टाकायचो,
बहुतेक वेळा चुकीचं.

वेग खाली आणला.
एक लाख पंधरा हजार दोनशेवरून
नऊ हजार सहाशे. बरोबर बारावा हिस्सा.
यंत्र एकदाच 'हो' म्हणत होतं,
लॅपटॉप ते बारा वेळा ऐकत होता
आणि मी म्हणत होते, काय बरळतंय हे.
बाराखडी होती ती.
ओळी उमटू लागल्या, मला वाचता येतील अशा चालीने.
हे सापडलं, ते सापडलं,
घड्याळ सापडलं नाही,
आजची तारीख एक जानेवारी एकोणीसशे सत्तर धरत आहे.
धर बाबा.

बाहेर एका जहाजाने भोंगा दिला,
मोसमातलं शेवटून दुसरं असेल की तिसरं,
एक लांब, दोन आखूड.
पुलाने थांबून
तेवढाच लांब, तेवढेच आखूड परत दिले.
मी काही वेळ स्क्रीनकडे बघितलंच नाही.

पण मुळात असं का?
सेटिंगची ओळ उघडली, सकाळी मीच लिहिलेली:
कोणत्या पोर्टवर बोलायचं, स्वल्पविराम, किती वेगाने.
आणि स्वल्पविरामानंतर
एक मोकळी जागा.

संगमनेर. पाचवी ब. पेंढरकरबाई.
स्वल्पविराम दिला की बोटभर जागा सोडा,
वाचणाऱ्याला श्वास घेऊ द्या.
लाल शाईच्या वर्षभराच्या गोलांनी
बोटांत मुरलेली ती जागा.
कर्नल श्वास घेत नाही.
त्याच्या लेखी वाक्य तिथेच संपलं,
वेग: काही नाही.
काही नाही म्हणजे शून्य,
आणि शून्य वेगाने बोला म्हटल्यावर
गप्प बसायचं सोडून
तो जुन्या सवयीवर आला, ९६००.
आर्विडला हे ठाऊक होतं का?
का त्याचाही स्वल्पविराम कधी असाच नडला होता?

मोकळी जागा पुसली. यंत्र पुन्हा सुरू केलं.
ओळी धडधडत वर सरकल्या,
एकही वाचता आली नाही,
सगळ्या बरोबर होत्या.
आठ तास बाराच्या भावात गेले असं
टाइमशीटमध्ये लिहिता येत नाही.
'पोर्टची दुरुस्ती' असं लिहिलं.

मग आर्विडच्या ओळीखाली, त्याच पेन्सिलीने
(अजून तिथेच होती, दोऱ्याने बांधलेली)
मराठीत लिहिलं,
कारण तेवढ्या रात्री दुसरं काही सुचेना:
पेंढरकरबाई, क्षमा करा.
आणि लिहून झाल्यावर पाहिलं,
जागा सुटलीच होती.